जंगलात गाडी घालायची आहे? आधी समजून घ्या ऑफ-रोडिंगचे नियम, धोके आणि जबाबदारी

डिसेंबर २०२३. नाताळच्या सुट्टीमुळे मनाली आणि लाहौलच्या रस्त्यावर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. कोंडी टाळण्यासाठी एका पर्यटकाने आपली फोर बाय फोर गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. व्हिडिओ व्हायरल झाला आणि लाहौल-स्पिती पोलिसांनी मोटार वाहन कायद्याखाली चालान फाडलं. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग तलावाच्या पाण्यात गाडी चालवणाऱ्या पर्यटकांचा व्हिडिओ असाच गाजला होता. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेणाऱ्या, वाळूत रुतून बसणाऱ्या पर्यटकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

अशा प्रत्येक व्हिडिओखाली दोन गट पडतात. एक म्हणतो, 'यांच्या गाड्या जप्त करा'. दुसरा म्हणतो, 'गाडी त्यासाठीच तर बनली आहे, मग चालवायची कुठे?'

दुसऱ्या गटाचा प्रश्न वाटतो तितका उद्धट नाही. फोर बाय फोर गाड्या आणि अ‍ॅडव्हेंचर बाइक्सच्या जाहिराती चिखल, ओढे आणि डोंगर दाखवूनच केल्या जातात. पण सार्वजनिक जंगलात गाडी नेमकी कुठे चालते, कुठे चालत नाही आणि का, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. अमेरिकेने या प्रश्नाशी पन्नासहून जास्त वर्षं झुंज दिली आहे. तिथे काय झालं, त्यातून कोणते नियम तयार झाले आणि सह्याद्रीत त्यातलं काय लागू पडतं, ते समजून घेऊ.

ओएचव्ही म्हणजे कोणती वाहनं?

अमेरिकेत डांबरी रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांना 'ऑफ-हायवे व्हेइकल' म्हणजे ओएचव्ही म्हणतात. त्यात डर्ट बाइक, चार जाड टायरांची आणि हँडलने चालणारी एटीव्ही, शेजारी-शेजारी बसायच्या सीट, स्टीअरिंग आणि लोखंडी पिंजरा असलेली यूटीव्ही आणि फोर बाय फोर जीप हे सगळं येतं.

भारतात एटीव्ही आणि यूटीव्ही प्रामुख्याने रिसॉर्ट, शेतघरं आणि किनाऱ्यावरच्या राइडमध्ये दिसतात. इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, म्हणजे त्या सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे ऑफ-रोडिंग मुख्यतः फोर बाय फोर गाड्या आणि बाइकवरूनच होतं.

अमेरिकेत जंगलात गाड्या चालवायला परवानगी कशी?

अमेरिकेत 'नॅशनल फॉरेस्ट' ही केंद्र सरकारच्या मालकीची जंगलं आहेत. त्यांचं क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे अंदाजे अडीच महाराष्ट्र भरतील एवढं. ती सांभाळणारी 'फॉरेस्ट सर्व्हिस' तिथल्या कृषी खात्याखाली येते. लाकूडतोड, चराई, पाणी, वन्यजीव आणि लोकांचं फिरणं या सगळ्यांसाठी ही जमीन वापरली जावी, अशी त्यामागची कल्पना आहे. नॅशनल पार्कचे नियम वेगळे आणि अधिक कडक असतात.

१९६० आणि ७० च्या दशकात डर्ट बाइक आणि जीप स्वस्त झाल्या आणि लोक जंगलात वाट्टेल तिकडे घुसू लागले. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एक आदेश काढला. माती, पाणलोट आणि झाडझाडोरा यांचं नुकसान कमीत कमी व्हावं, वन्यजीवांना त्रास कमी व्हावा आणि इतर लोकांशी होणारे वाद कमी व्हावेत, हे पाहूनच वाहनांसाठी जागा ठरवा, असं त्यात म्हटलं होतं. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यात भर घातली. वाहनांमुळे मोठं नुकसान होत असेल तर ती जागा लगेच बंद करायला यंत्रणांना सांगितलं गेलं.

आदेश चांगला होता, अंमलबजावणी मात्र ढिली राहिली. फॉरेस्ट सर्व्हिसच्याच अंदाजानुसार १९७२ मध्ये देशात ओएचव्ही चालवणारे सुमारे ५० लाख लोक होते. २००० मध्ये ते ३ कोटी ६० लाख झाले. अनेक जंगलांमध्ये तेव्हा 'बंद अशी पाटी नसेल तर वाट खुली' हाच नियम होता. एक गाडी गवतातून गेली की दुसरी तिच्या चाकोरीतून जायची आणि वर्षभरात तिथे नवी वाट पडलेली असायची. ती कुणी आखलेली नसायची आणि तिची देखभालही कुणी करायचं नाही.

२००३ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसचे तत्कालीन प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी राष्ट्रीय जंगलांपुढचे चार मोठे धोके सांगितले. वणवे, परक्या आक्रमक प्रजाती, मोकळ्या जमिनी नाहीशा होणं आणि चौथा, बेशिस्त पर्यटन. त्यातही ऑफ-रोड वाहनांचा मुद्दा ठळक होता.

२००५ मध्ये काय बदललं?

नोव्हेंबर २००५ मध्ये 'ट्रॅव्हल मॅनेजमेंट रूल' आला आणि त्याने जुना नियम उलटा केला. आता जी वाट नकाशावर वाहनांसाठी खुली म्हणून दाखवली आहे, तीच खुली. बाकी सगळं बंद.

या नकाशाचं नाव 'मोटर व्हेइकल यूज मॅप'. तो फुकट मिळतो आणि मोबाइलवरही घेता येतो. कोणत्या वाटेवर कोणतं वाहन चालेल, वर्षातल्या कोणत्या तारखांना चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. एखाद्या वाटेवर डर्ट बाइक चालते पण जीप नाही, असंही असतं. एखादी वाट वन्यप्राण्यांच्या विणीच्या काळात किंवा बर्फ वितळून चिखल झालेला असताना बंद असते.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे जबाबदारी चालवणाऱ्याची आहे. 'तिथे पाटी नव्हती' ही सबब चालत नाही. पाटी चोरीला जाते, गोळ्या घालून फोडली जाते, बर्फात पडते. म्हणून नकाशा हाच नियम. तो मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

एका गाडीने असं काय बिघडतं?

'एकदाच तर गेलो, गवत परत उगवेल' हा नेहमीचा युक्तिवाद. पण नुकसान गवताखाली होतं.

जंगलातली माती भुसभुशीत असते. तिच्यात हवा आणि पाणी मुरायला जागा असते. टायरच्या वजनाने माती दाबली जाते आणि ही छिद्रं बंद होतात. पाऊस पडला की पाणी मुरण्याऐवजी चाकोरीतून वाहू लागतं. उतारावरची चाकोरी मग छोटी नाली होते, नालीचा ओहोळ होतो आणि वाहून आलेली माती खालच्या ओढ्यात साचते. ओली माती सर्वांत जास्त दाबली जाते, म्हणून पावसाळ्यातली एक फेरी उन्हाळ्यातल्या अनेक फेऱ्यांपेक्षा महाग पडते.

अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या वाळवंटी भागात तर मातीवर जिवंत साय असते. शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जिवाणूंनी बनलेला हा काळपट थर माती धरून ठेवतो. त्यावरून टायर गेला की तो पुन्हा तयार व्हायला अनेक दशकं लागू शकतात.

दुसरं नुकसान बियांचं. टायर आणि चिखलरोधकाला चिकटलेल्या चिखलातून तणांच्या बिया शंभर किलोमीटर दूर पोचतात. रानमोडी आणि कॉसमॉस सह्याद्रीत कसे पसरले, हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. गाडी हे त्यांच्या प्रवासाचं एकमेव साधन नाही, पण ते एक सोपं साधन आहे.

तिसरं म्हणजे आग. तापलेला सायलेन्सर सुक्या गवताला टेकला तर पेट घेऊ शकतो. म्हणूनच अमेरिकी राष्ट्रीय जंगलात ठिणग्या अडवणारा 'स्पार्क अरेस्टर' बसवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ आणि नेमके तेच महिने कोरड्या वाटांचे.

आवाजाचा मुद्दाही आहेच. कॅलिफोर्नियात १९८६ नंतर बनलेल्या ऑफ-रोड वाहनांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे. सायलेन्सर काढून फिरणाऱ्यामुळे सगळ्यांची वाट बंद होते, असं तिथले चालक क्लबच एकमेकांना सांगतात.

अपघात का होतात?

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोंदींनुसार तिथे ओएचव्हींमुळे दरवर्षी शेकडो लोक मरतात आणि सुमारे एक लाख जणांना इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात न्यावं लागतं. तीन चाकी एटीव्ही इतक्या उलटत होत्या की १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये न्यायालयीन समझोता होऊन त्यांची विक्री थांबली.

चार चाकी एटीव्हीसुद्धा खेळणं नाही. ती अरुंद आणि उंच असते, त्यामुळे तिचा तोल चालकाच्या अंगाच्या हालचालीवर अवलंबून असतो. चढावर पुढे झुकायचं, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला झुकायचं. एका माणसासाठी बनलेल्या एटीव्हीवर मागे दुसरा बसला की चालकाला हलायलाच जागा उरत नाही आणि वजन मागे जातं. चढावर ती मग मागच्या मागे उलटू शकते. पर्यटनस्थळी 'दोघं बसा, काही होत नाही' असं म्हणणाऱ्या राइडवाल्याचं ऐकू नये, ते यासाठी.

एटीव्हीचे टायर कमी हवेचे आणि मऊ असतात. मातीत ते पकड घेतात, डांबरावर मात्र वळताना विचित्र वागतात. म्हणून डांबरी रस्त्यावरचे एटीव्ही अपघात जास्त गंभीर ठरतात.

यूटीव्हीत पिंजरा असतो, पण पट्टा लावला नाही तर तोच जिवावर बेततो. गाडी कलंडताना माणूस नकळत हात किंवा पाय बाहेर काढतो आणि तो पिंजऱ्याखाली चिरडला जातो. पट्टा लावायचा आणि हातपाय आत ठेवायचे, एवढा साधा नियम हे टाळतो.

मुलांबाबत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका स्पष्ट आहे. १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवू नये.

फोर बाय फोर गाड्यांमधला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे टोचनाचा. रुतलेली गाडी ओढताना ताणलेला पट्टा किंवा हुक तुटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. गाडीच्या बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवणं म्हणूनच जीवघेणं ठरू शकतं. कंपनीने दिलेल्या टोचन-हुकालाच पट्टा लावायचा आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीपेक्षा दूर उभं करायचं. व्हिडिओ काढणारा मित्र बहुतेक वेळा नेमका चुकीच्या जागी उभा असतो.

वाट बंद होण्यापासून वाचते कशी? रुबिकॉनचं उदाहरण

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरात 'रुबिकॉन ट्रेल' नावाची साधारण ३५ किलोमीटरची दगडधोंड्यांची वाट आहे. जगभरच्या जीपवाल्यांची ती पंढरी. एका प्रसिद्ध जीप मॉडेलचं नावही या वाटेवरूनच आलं आहे.

लोकप्रियतेची किंमत वाटेने मोजली. मुक्कामाच्या जागी शौचालयं नव्हती. २००४ मध्ये स्पायडर लेक हा तिथला आवडता परिसर मानवी विष्ठेमुळे बंद करावा लागला. २००९ मध्ये तिथल्या जल नियंत्रण मंडळाने फॉरेस्ट सर्व्हिस आणि स्थानिक काउंटीला आदेश दिला. वाटेवरून ओढ्यात जाणारी माती, सांडणारं तेल आणि घाण थांबवा. संपूर्ण वाट बंद होण्याची भीती होती.

वाट वाचली ती चालकांमुळे. क्लब आणि स्वयंसेवकांनी दुरुस्तीची कामं हातात घेतली, पाणी वळवण्यासाठी चर काढले. विष्ठा पिशवीत भरून परत न्यायची आणि तेल गळालं तर ते शोषून घेणारं साहित्य गाडीत ठेवायचं, ही तिथली रीत झाली. वाट आजही सुरू आहे.

'ट्रेड लाइटली' ही मोहीमही अशीच. फॉरेस्ट सर्व्हिसने ती १९८५ मध्ये सुरू केली, १९९० मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. तिचा सांगावा थोडक्यात असा: नेमलेल्या वाटेवरच राहा, इतरांचा मान राखा, जाण्याआधी माहिती घ्या, नाजूक जागा टाळा आणि जागा होती त्यापेक्षा चांगली करून सोडा.

पैशाचीही व्यवस्था आहे. ऑफ-रोड वाहनांत जळणाऱ्या इंधनावरच्या कराचा हिशेब धरून केंद्र सरकार राज्यांना वाटांच्या देखभालीसाठी निधी देतं. त्यातला ३० टक्के वाटा मोटार वाटांसाठी आणि ३० टक्के पायी, सायकल किंवा घोड्यावरून जायच्या वाटांसाठी राखीव असतो. उरलेले ४० टक्के अनेकांच्या उपयोगाच्या वाटांवर खर्च होतात.

मग तिथे वाद संपला का?

नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये यूटातल्या मोआबजवळच्या सरकारी जमिनीवर ३१७ मैलांचे मार्ग वाहनांसाठी बंद केले गेले. चालक संघटना त्याविरोधात लढायला उभ्या राहिल्या. दुसरीकडे पर्यावरण संघटना म्हणतात की अनेक जंगलांनी आधीच पडलेल्या बेकायदा वाटा नकाशावर टाकून कायदेशीर केल्या.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी २००१ चा 'रोडलेस रूल' मागे घेण्याचा इरादा जाहीर केला. राष्ट्रीय जंगलांमधल्या सुमारे ५ कोटी ९० लाख एकरांवर नवे रस्ते आणि लाकूडतोड यांना हा नियम अडवतो. तो थेट ओएचव्हींबद्दल नाही, पण रस्ता आला की वाहनं येतात, हे दोन्ही बाजूंना माहीत आहे.

महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर वनक्षेत्र आहे, म्हणजे राज्याचा साधारण पाचवा हिस्सा. इथे सुरुवातच 'बंद' पासून होते.

राखीव वनात विनापरवाना घुसणं हा भारतीय वन कायदा, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ आणि २८ नुसार परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पात नियम आणखी कडक. परवानगी असली तरी ठरलेल्या रस्त्याबाहेर गाडी नेता येत नाही.

अडचण अशी की सह्याद्रीत जंगल कुठे सुरू होतं हे डोळ्यांना कळत नाही. एकाच वाटेवर आधी गावाचा पाणंद रस्ता, मग कुणाची तरी सातबाऱ्यावरची मालकी जमीन, मग गायरान, मग देवराई आणि मग राखीव वन लागू शकतं. गूगल मॅपवर बारीक रेघ दिसते म्हणून ती वाहनाची वाट ठरत नाही. ती गुराख्यांची पायवाट किंवा जुनी घाटवाटही असू शकते. 'आधीच टायरचे ठसे होते' हा पुरावा ठरत नाही. ते ठसे वनविभागाच्या गाडीचे असतील किंवा तुमच्यासारख्याच कुणाचे.

विम्याचंही बघा. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत किंवा वेगचाचणीसाठी केलेला वापर सहसा वगळलेला असतो. स्पर्धेसारख्या ऑफ-रोड कार्यक्रमात गाडी उलटली तर दावा अडकू शकतो. निघण्याआधी पॉलिसीतल्या अटी वाचायला हव्यात.

'नुसतं पठार तर आहे' असं का म्हणू नये?

सह्याद्रीतल्या ऑफ-रोडिंगचा सर्वांत नाजूक मुद्दा दाट जंगलाचा नाही, उघड्या सड्यांचा आहे. कातळाचं सपाट पठार पाहिलं की गाडी पळवायचा मोह होतो, कारण तिथे तोडायला झाडच नसतं.

कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आलं. महाराष्ट्रातल्या कोयना, चांदोली आणि राधानगरी या इतर तीन जागाही त्यात आहेत. कासच्या फुलांखाली जांभ्यावर मातीचा अगदी पातळ थर असतो. कित्येक झाडांचं सगळं आयुष्य तेवढ्यातच, पावसाच्या काही आठवड्यांत उरकतं. टायरने तो थर खरवडला की खाली उरतो कोरा कातळ.

साताऱ्याजवळचं पवनचक्क्यांचं चाळकेवाडी पठार दुसरं उदाहरण. गळ्याला निळी-काळी-केशरी पिसारी असलेला एक सरडा तिथे सापडतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'सरडा सुपर्बा' असं नाव दिलं, म्हणजे शास्त्रीय नावातच आपला मराठी 'सरडा' आहे. त्याचा विणीचा काळ पावसाळ्याच्या आधीचा आणि अंडी जमिनीत. नेमक्या त्याच महिन्यांत पठार कोरडं आणि गाडीला सोयीचं असतं. वरून मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते, ती अशी.

बंदी पुरेशी आहे का?

इथे दोन्ही बाजू नीट ऐकायला हव्यात.

बंदीच्या बाजूने भक्कम मुद्दा आहे. अमेरिकेकडे अफाट जमीन आणि विरळ वस्ती आहे. सह्याद्री अरुंद आहे, त्याच्या कुशीत गावं आहेत आणि त्याच डोंगरात नद्या उगम पावतात. शिवाय नेमलेली वाट असली म्हणजे शिस्त येतेच असं नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. रस्ता ठरलेला होता, गाइड सोबत होते, गाड्या नोंदणीकृत होत्या. व्हिडिओ व्हायरल झाल्यावर चालक आणि गाइडवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

पण नुसत्या बंदीच्याही मर्यादा आहेत. वनरक्षकाच्या वाट्याला मोठा इलाखा असतो आणि तो प्रत्येक पाणंदीवर उभा राहू शकत नाही. वाट कुठे आहे हे सांगणारं कुणी नसेल तर लोक रील पाहून वाट शोधतात. ती रील टाकणाऱ्याने परवानगी घेतली होती का, हे त्यात दिसत नाही.

मधला मार्ग अगदीच अनोळखी नाही. खासगी जमिनीवर ऑफ-रोड ट्रॅक आणि प्रशिक्षण केंद्रं महाराष्ट्रात आहेत. अनेक किल्ल्यांच्या आणि धबधब्यांच्या पायथ्याशी गावची वन समिती पावती फाडून पर्यटक मोजते. आधीच खराब झालेल्या जमिनी, बंद पडलेल्या खाणी, वनक्षेत्राबाहेरचे जुने रस्ते यांपैकी काही मार्ग ग्रामसभेच्या संमतीने नेमले आणि त्यांचा साधा मराठी नकाशा प्रसिद्ध केला, तर 'चालवायची कुठे' याचं उत्तर मिळेल. बाकी ठिकाणी कारवाई करणंही सोपं होईल, कारण 'माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरणार नाही. अमेरिकेच्या अनुभवातून घ्यावं ते हेच. तिथे वाटा वाढवल्याने फरक पडला नाही, वाट कोणती हे निःसंदिग्ध लिहून ठेवल्याने पडला.

जायचंच असेल तर काय करावं?

निघण्याआधी:
- जमीन कुणाची आहे ते विचारा. वनजमीन असेल तर त्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या. मालकी जमीन असेल तर मालकाला विचारा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.
- किमान दोन गाड्या असाव्यात. कुठे जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा. डोंगरात मोबाइलला रेंज नसते.
- प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, टोचनाचा योग्य पट्टा, फावडं, हवा भरायचा पंप आणि भरपूर पाणी सोबत घ्या.
- टायर आणि गाडीचं बूड धुऊन निघा आणि परत आल्यावरही धुवा. नदीत किंवा ओढ्यात मात्र धुऊ नका.

वाटेवर:
- बाइक आणि एटीव्हीवर हेल्मेट, बूट आणि हातमोजे घाला. यूटीव्ही आणि गाडीत पट्टा लावा. दारू पिऊन चालवू नका.
- वाटेत खड्डा किंवा दगड आला तर हळू त्यावरूनच जा. बाजूने गेलात तर वाट रुंद होते. जमत नसेल तर मागे फिरा.
- चाकोरी उमटत असेल तर जमीन अजून ओली आहे. त्या दिवशी परत या.
- ओढा ओलांडायचाच असेल तर नेहमीच्या उतारावरून, सरळ आणि सावकाश ओलांडा. पात्रातून लांबवर गाडी चालवू नका. पाण्याची खोली माहीत नसेल तर उतरूच नका.
- चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.
- गुरं, मेंढरांचा कळप किंवा घोडा दिसला तर थांबा, इंजिन बंद करा आणि त्यांना जाऊ द्या. पायी चालणाऱ्यांवर धूळ उडवू नका.
- सुक्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नका.

परतल्यावर:
- नाजूक जागेचं लोकेशन टॅग करू नका. व्हिडिओ टाकलात तर परवानगी कुठून घेतली तेही लिहा. पुढचा माणूस तुमची रील पाहूनच वाट ठरवणार आहे.
- अपघात झाला तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

अमेरिकेत राहणारे किंवा फिरायला जाणारे अनेक मराठी लोक यूटा आणि कोलोराडोत यूटीव्ही भाड्याने घेतात. तिथे भाड्याच्या कागदांवर सही करण्याआधी त्या भागाचा नकाशा मागून घ्यावा. प्रत्येक राज्यात वयाची अट, परवाना आणि प्रशिक्षणाचे नियम वेगळे असतात. दंड झाला तर तो चालवणाऱ्याला भरावा लागतो, गाडी भाड्याने देणाऱ्याला नाही.

एरवी 'चाकोरीबाहेर जाणं' मराठीत कौतुकाने म्हटलं जातं. जंगलात गाडी चालवताना मात्र चाकोरीतच राहायचं असतं आणि ती चाकोरी कुणी, कशासाठी आखली आहे हे आधी विचारायचं असतं.